कुंदाला ताप आला

इंग्रजीत नापास होणं ही आमच्या गावात काही तोंड लपवायची गोष्ट नव्हती. बदलापूरच्या पलीकडं, नदी ओलांडून आत चालत गेलं की आमचं गाव, आणि माझ्याबरोबर दहावीला बसलेल्यांतले निम्मे तरी इंग्रजीतच गटांगळ्या खाऊन आले होते. मुलगे कंपनीत लागले, मुली लग्नाला लागल्या, त्यापायी कुणी दोन घास कमी खाल्ले नाहीत. माझंच तेवढं वाकडं झालं, कारण बाकीच्या विषयांत मला बरे मार्क पडले होते आणि शाळेतल्या बाई घरी येऊन बाबांना सांगून गेल्या, की ही पोरगी नर्सिंगला जाईल, एवढा एक विषय तिला काढू द्या. बाबा म्हणाले, "एकदाच. आक्टोबरला सुटली तं सुटली, नायतर भात झोडाला घरी ये. मंग पुढचा मी बघीन." पुढचं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. मामाच्या गावचा एक मुलगा येऊन, चहा पिऊन, मला बघून गेला होता. मुलगा वाईट नव्हता, पण मला नर्स व्हायचं होतं. कपड्यांची एक पिशवी आणि तांदळाचं गाठोडं घेऊन मी अंबरनाथला काकांकडं राहायला आले.

काका कारखान्यात होते. चाळीत दोन खोल्या, आणि त्या दोन खोल्यांचं सगळं वेळापत्रक कारखान्याच्या भोंग्यावर चालायचं. भोंगा झाला की काकी स्टोव्हला पंप मारायला बसायची, दुसरा भोंगा झाला की काका डबा घेऊन बाहेर, तिसऱ्याला परत. काका-काकींना मूलबाळ नव्हतं. दोघं भांडत नसत, पण बोलतही नसत. मीठ दे, पाणी आलं का, पाळी बदलली, एवढ्यावर त्यांचा संसार चालला होता, आणि मी आल्यावर त्या बोलण्यात एका शब्दाची भर पडली नाही. काकी जुन्नरकडची. तिच्या हातचं हुलग्याचं पिठलं आणि बाजरीची भाकरी मला आधी घशाखाली उतरेना, मी भात आणि सुक्या बोंबलावर वाढलेली. नंतर ते इतकं आवडायला लागलं, की अजूनही कुठं हुलग्याचा वास आला तर मी थांबते. पण ते छान झालंय असं मी तिला कधी सांगितलं नाही आणि तिनं कधी विचारलं नाही. आल्या दिवशीच तिनं बजावलं होतं, "कुणाच्या दारात जाऊन बसायचं नाही. ह्यांना चालत नाही." मी बसले नाही. शेजारी एक म्हातारा सुतार एकटाच राहायचा, त्याचा खोकला भिंतीतून ऐकू यायचा, आणि कधी कधी मी त्या खोकल्याची वाट बघायचे. सोळा वर्षांची होते आणि मला बोलायला माणूस नव्हतं. त्यात गूढ असं काही नाही, तसंच होतं ते.

आता माझ्या इंग्रजीविषयी. पेपरात एक प्रश्न हमखास असायचा, कंसातल्या क्रियापदाचं योग्य रूप निवडा. आमच्या शाळेत ह्यावर एक पिढीजात तोडगा होता, जे रूप सगळ्यांत लांब दिसतं ते लिहायचं. लांब असेल ते शहाण्यांनी वापरायचं असणार, असा आमचा हिशेब. त्यामुळं मी जिथं तिथं 'हॅव बीन गोइंग' लिहून आले होते. तिन्ही रूपं मला पाढ्यांसारखी पाठ होती, गो-वेंट-गॉन, ईट-एट-ईटन, घडाघडा म्हणायचे, पण त्यांतलं कुठलं कधी घ्यायचं म्हटलं की डोकं चालायचं नाही. ह्यावर इलाज काकांनीच शोधला, हे त्यांचं श्रेय त्यांना दिलं पाहिजे. उल्हासनगर कॅम्प तीनला ते ज्या दुकानातून कापड घ्यायचे, तिथल्या शेठनं सांगितलं, की आमच्या नात्यातली एक म्हातारी मास्तरीण आहे, रिटायर झाली, घरी बसून असते, तिच्याकडं पाठवा. फी वगैरे काही नाही. तिलाही करमत नाही, असं शेठ म्हणाला होता. हे 'करमत नाही' काकांनी मला सांगितलं आणि मी ते ऐकून सोडून दिलं.

शेअर रिक्षानं जायचं, दुकानांच्या गल्लीत उतरायचं, शिलाई मशिनींच्या आवाजातून आणि जीन्सच्या गठ्ठ्यांतून वाट काढत मागच्या बराकीत. जुन्या लष्करी बराकीतली एक लांबट खोली, उंच छप्पर, एक पलंग, दोन खुर्च्या. तिथं दादी मोहिनी राहायची. सिंध्यांमध्ये दादी म्हणजे मोठी बहीण, आजी नव्हे, हे मला कितीतरी उशिरा कळलं. पांढरी साडी, जाड काचांचा चष्मा, आणि आलेल्या माणसाला आधी पापड नि पाणी. माझ्यासारख्या पोरीलाही रोज भाजलेला पापड बशीत घालून समोर ठेवायची. पहिल्या दिवशी मी माझे पाढे म्हणून दाखवले. शंभरेक क्रियापदं झाल्यावर तिनं हात वर केला आणि लेकराला म्हणतात तसं मला पुट म्हणाली. "बस, पुट. तोते को भी आता है ये." मग म्हणाली, उद्यापासून वही बंद. रोज आल्यावर तिनं एकच प्रश्न विचारायचा आणि मी पाच वाक्यांत उत्तर द्यायचं. जे खरोखर केलंय तेच सांगायचं, म्हणजे रूप चुकलं तरी लगेच कळतं, कारण केलेली गोष्ट माणसाला माहीत असते. प्रश्न होता, "व्हॉट डिड यू डू टुडे?"

दुसऱ्या दिवशी मी पाच वाक्यं सांगितली. मी उठले, पाणी भरलं, भात खाल्ला, कपडे धुतले, इथं आले. 'एट'च्या जागी 'ईट' म्हणाले, तिनं सुधारलं. तिसऱ्या दिवशी तीच पाच. चौथ्या दिवशीही तीच. दादी हसली. "ये तो कल का है. नया वर्ब ला." मी नवीन क्रियापद कुठून आणू? नवीन क्रियापदाला नवीन दिवस लागतो. माझ्या दिवसात उठणं, भरणं, खाणं, धुणं आणि येणं ह्यापलीकडं काही घडतच नव्हतं, आणि हे कुणाच्या तरी समोर पाच बोटांवर मोजून सांगताना मला जी शरम वाटली, तशी नापास झाल्यावरसुद्धा वाटली नव्हती. त्या संध्याकाळी रिक्षात बसल्या बसल्या मी ठरवलं, की उद्या माझ्याबरोबर कुणीतरी असेल. पाचव्या दिवशी मी म्हटलं, "आय मेट कुंदा." दादीनं चष्मा वर केला. "कौन कुंदा?" मी म्हटलं, माझी मैत्रीण, आमच्या बाजूलाच राहते.

तुम्हाला वाटेल मी फार कल्पक मुलगी होते. छे हो. मी वही उघडून ठेवायचे आणि क्रियापद येईल तसं कुंदाला करायला लावायचे. यादीत चोरणं आलं की आम्ही पेरू चोरायचो. पडणं आलं की कुंदा शिवमंदिराच्या पायऱ्यांवरून पडायची. हरवणं आणि सापडणं लागोपाठ होतं म्हणून तिचं पैंजण वालधुनी नदीत हरवलं आणि दुसऱ्या दिवशी सापडलं. आम्ही भांडलो, अबोला धरला, पुन्हा बोललो. रूपं आता चुकत नव्हती, कारण कुंदा पडली ती मला दिसत होती. माझी नात हल्ली मोबाइलवर असल्या रिकाम्या जागा भरते, बरोबर आलं की टुंग वाजतं आणि रंगीत कागद उडतात. मला म्हणते, आजी, तू कशी शिकलीस? मी सांगते, मैत्रिणीबरोबर. हे खोटं मी अजून सोडलेलं नाही.

हळूहळू असं झालं, की मी दारात पाऊल टाकलं की दादी आधी विचारायची, "कुंदा ने क्या किया?" माझं नाव मागे पडलं. ती ऐकताना पापड हातात तसाच धरून ठेवायची. पैंजण सापडलं तेव्हा तिनं टाळी वाजवली. आणि मला, सांगायला लाज वाटते, कुंदाचा मत्सर वाटायला लागला. जी पोरगी अस्तित्वातच नाही तिच्यावर मी जळत होते. त्या रागातच असेल, किंवा नुसतंच यादीत 'कॅच' आलं म्हणून असेल, एका संध्याकाळी मी म्हटलं, "कुंदा कॉट फीव्हर." कॉट बरोबर होतं. पण दादीचं तिकडं लक्षच नव्हतं. "कितना है? दाने निकले क्या?" मी घाबरून म्हटलं, हो, थोडं पुरळ आहे. म्हटल्यावर तिचा चेहरा असा उतरला, की मला उरलेली चार वाक्यं सुचेनात. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं, आणि तिला बरं वाटतंय असं मी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. कुणी आपल्या माणसाची इतकी काळजी करतंय हे मला सोडवत नव्हतं. मी म्हटलं, अजून आहे ताप.

मला काय ठाऊक, की त्याच आठवड्यात सिंध्यांची थदडी येते. श्रावणातला सण. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशी करून ठेवलेलं थंड खायचं, आणि लेकरांना ताप-गोवर होऊ नये म्हणून देवीला थंड पाणी वाहायचं. आमच्यात शीतळासप्तमी असते तशीच. म्हणजे सबंध वर्षातला नेमका तापाचा दिवस मी कुंदासाठी निवडला होता.

सणाच्या दिवशी शिकवणी नव्हती. दुपारी मी आतल्या खोलीत तांदूळ निवडत होते आणि बाहेर दादीचा आवाज आला. मला आधी वाटलं भास झाला. ती कधी बराकीबाहेर पडलेली मी पाहिलीच नव्हती. पत्ता तिनं कापडवाल्या शेठकडून काढला असणार. पडद्याच्या फटीतून पाहिलं तर एका हातात डबा, दुसऱ्या हातात झाकण लावलेला तांब्या, धाप लागलेली. काकी दारात उभी होती. "बहनजी, वो बीमार लड़की का घर कौनसा है? कुंदा का?" दादीनं विचारलं. "देवी का पानी लाई हूँ, उस पर छिड़कना है."

"कोण कुंदा?" काकी म्हणाली. "बाजू में तो सुतार रहता है. म्हातारा. अकेला."

"आपकी सुमन की सहेली."

"हिची?" काकीनं मागं वळून पडद्याकडं पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "हिला कुठली आलीय मैत्रीण? दोन महिने झाले येऊन, एक माणूस हिला विचारायला आलं नाही दारात."

मराठीतच म्हणाली, पण उल्हासनगरात आयुष्य काढलेल्या बाईला तेवढं मराठी कळतं. तांदळाचं सूप माझ्या मांडीवर होतं आणि मी त्यातले खडे शोधत राहिले. मला मरून जावंसं वाटलं असं लोक म्हणतात. मला तसं नाही वाटलं. मला वाटलं, आता बाबा म्हणतील ते खरं, भात झोडायला जाऊ, संपलं सगळं. ती शिकवणी गेली म्हणजे परीक्षा गेली, आणि परीक्षेपेक्षा मोठं म्हणजे, तू आज काय केलंस असं मला विचारणारं जगात जे एकच माणूस होतं ते गेलं. बाहेर दादी म्हणाली, "अच्छा. तो ये आप लोग खा लेना." डबा उंबऱ्याशी ठेवल्याचा आवाज आला आणि तिची चप्पल जिन्यावरून सावकाश उतरत गेली. काकी आत आली. "कोण गं ही कुंदा?" मी म्हटलं, कुणी नाही. "हं," एवढंच म्हणून तिनं डबा फळीवर ठेवला. रात्रीच्या जेवणात आम्ही ते गोड लोले खाल्ले, गुळाचे, जाड, तुपात तळलेले. काकांनी विचारलं, हे कुठून आलं. काकी म्हणाली, हिच्या बाईंनी दिलं. माझ्या मनात आलं, आता ती सांगणार. तिनं त्यापुढं काही सांगितलं नाही.

आठ दिवस मी गेले नाही. बाईंना बरं नाही असं घरी सांगितलं, म्हणजे पुन्हा तापच. मधे एकदा बाबा भाजी घेऊन आले, उभ्या उभ्या म्हणाले, "जमतंय ना?" मी मान हलवली. वही उघडायचे आणि बंद करायचे. नवव्या दिवशी सकाळी काकी स्टोव्हपाशी बसून खोबऱ्याच्या वड्या करत होती. वड्या थापून झाल्यावर तिनं दादीचा डबा घासून पुसून त्यात भरला आणि माझ्यापुढं ठेवला. "लोकाचा डबा किती दिवस ठेवायचा घरात? आणि रिकामा द्यायचा नसतो. दुपारी जाऊन ये." मी म्हटलं, बाईंना बरं नाहीये. काकी म्हणाली, "मग बघून ये."

दादीनं दार उघडलं, डबा घेतला, आणि पापड भाजायला वळली. नेहमीसारखी बशी माझ्यापुढं आली. मी खुर्चीत बसले नव्हते, दारातच उभी होते. "बैठ," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "व्हॉट डिड यू डू?"

मी बसले आणि सांगितलं. मी घरी बसले. मी कुठंही गेले नाही. मी कुणाशी बोलले नाही. मी खोटं बोलले. पाचवं मला येईना, रडू फुटलं. सगळी रूपं बरोबर होती, एवढं मात्र आजही छातीठोकपणे सांगते.

दादीनं मला रडू दिलं. चष्मा काढून पदरानं पुसला. "मैं ने दो दिन उस के लिए देवी का पाठ किया," ती म्हणाली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिनं हातानं गप्प केलं. "सुन तो. अच्छी लड़की थी कुंदा. मेरे को याद आती है." आणि ती खिडकीकडं बघत राहिली, जिथून गल्लीचा नुसता एक तुकडा दिसायचा. तेव्हा कुठं, दोन महिन्यांनी, माझ्या जड डोक्यात उजेड पडला, की हिला कोण विचारतं? मी नाक पुसलं आणि विचारलं, "दादी, व्हॉट डिड यू डू टुडे?"

तिला आधी हसू आलं. मग ती सरळ बसली, शाळेत बाकावर बसल्यासारखी, आणि हात मांडीवर ठेवून एकेक वाक्य तोलून म्हणाली. मी उठले. मी चहा केला. मी बसले. मी रस्त्याकडं पाहिलं. मी झोपले. म्हणजे माझ्यासारखीच, रोजची पाच. मी म्हटलं, हे तर कालचं आहे. "हाँ," ती म्हणाली, "आठ दिन से यही है." मग तिनं डबा उघडून एक वडी तोडली, अर्धी मला दिली, आणि आम्ही धड्याला लागलो.

ऑक्टोबरला मी सुटले. काठावर, पण सुटले. नर्सिंगला गेले, पुढं आयुष्यभर वॉर्डातून हिंडले, ते सगळं त्याच्या जागी सांगेन. आता बदलापुरात सातव्या मजल्यावर राहते, ज्या बाजूला आमचं गाव होतं तिथंही असेच मजले उठलेत, आणि दिवसचे दिवस माझ्या पाच वाक्यांत सहावं येत नाही. पण हे प्रकरण मी लिहायला घेतलं ते परीक्षेसाठी नाही, त्या संध्याकाळी घरी गेल्यावर जे झालं त्यासाठी.

काकी भाकऱ्या थापत होती. काका दुसऱ्या पाळीला गेलेले. मी हातपाय धुऊन तिच्यासमोर पाटावर बसले आणि धीर करून म्हटलं, "काकी, आज काय केलंस तू?"

तिनं मान वर केली. "का? काय पाहिजे तुला?"

"काही नाही. सहज."

"सहज," असं पुटपुटत तिनं तव्यावरची भाकरी उलटली. दुसरा गोळा मळला, परातीत थापला, तव्यावर टाकला, वरून पाणी फिरवलं. मला वाटलं, झालं, एवढंच. शेजारी सुतार खोकत होता. मग माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "हात भाजला माझा. सकाळी. वड्यांचा पाक उडाला."

सकाळी मी तिच्यापासून दोन हातांवर बसले होते. दुपारी त्याच हातानं तिनं मला वाढलं होतं, मी जेवले होते, आणि मला दिसलं नव्हतं.

"दाखव," मी म्हटलं. तिनं पिठाचा हात पुढं केला.